वाचकांचे प्रश्न : ‘थ्री प्लस’ म्हणजे किती दिवस?

गेल्या अंकात या सदरात बायोप्सीच्या रिपोर्टची भाषा कशी वाचावी, याविषयी एका प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत केलेली आहे: गाठीच्या तपासणीत अमुक प्रथिन जास्त किंवा कमी आढळले, तर त्यावरून रुग्ण किती जगेल हे सांगता येते का? त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. मी मुंबईत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते, म्हणजे रुग्णांपेक्षा त्यांच्या गाठींच्या काचा मी अधिक पाहते. त्यामुळे उपचाराचा अंतिम निर्णय आपल्या ऑन्कोलॉजिस्टांकडेच राहू द्यावा. रिपोर्टमधील शब्दांचा अर्थ सांगणे मात्र माझे कर्तव्य आहे आणि ते मी येथे करते.

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या डाव्या स्तनाचे ऑपरेशन झाले. रिपोर्टमध्ये ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू थ्री प्लस असे लिहिले आहे. माझ्या धाकट्या भावाने मोबाईलवर वाचले की, हर-टू जास्त असलेल्या बायका कमी जगतात. तेव्हापासून तो आईसमोर बसत नाही, रात्री उशिरापर्यंत गॅलरीत एकटा उभा असतो. आईला आम्ही अजून काही सांगितलेले नाही. मॅडम, खरे सांगा, आमच्याकडे किती दिवस आहेत?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमच्या भावाने वाचले ते खोटे नाही, पण ते जुने आहे. त्या वाक्याला आज निम्माच अर्थ उरला आहे, आणि तो निम्मा अर्थ वाचूनच तो रात्र रात्र जागतो आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ईआर आणि पीआर ही संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) संदेश घेणारी प्रथिने; तुमच्या आईच्या गाठीत ती आढळली नाहीत. हर-टू हे प्रथिन निरोगी स्तनाच्या पेशींवरही थोड्या प्रमाणात असते. पेशीच्या आवरणात बसून वाढीचा संदेश आत पोहोचवणे हे त्याचे काम. काही गाठींमध्ये या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींऐवजी अनेक प्रती तयार होतात, त्यामुळे पेशीच्या आवरणावर हर-टूची दाटी होते आणि पेशीला ‘वाढ, विभाग’ असा आदेश सतत मिळत राहतो. ही दाटी आम्ही डोळ्यांनी पाहू शकतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात त्यात, बसवला जातो. त्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेऊन त्यावर हर-टूलाच चिकटणारे प्रतिपिंड सोडले जाते आणि ते जिथे चिकटले असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. थ्री प्लस गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की, निळ्या केंद्रकांभोवती गडद तपकिरी रेघ संपूर्ण फिरलेली दिसते. पेशीला पेशी लागून असल्यामुळे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्याच्या विणीसारखे चित्र तयार होते. दहा टक्क्यांहून अधिक कर्कपेशींत अशी पूर्ण आणि गडद कड दिसली, तरच ‘थ्री प्लस’ लिहायचे असा नियम आहे. कड फिकट असेल तर ‘टू प्लस’ लिहितात आणि मग फिश नावाच्या तपासणीने जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजाव्या लागतात. तुमच्या आईच्या बाबतीत ती गरज पडलेली नाही.

आता भावाने वाचलेल्या वाक्याकडे येते. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासून दाखवले की, सुमारे ३० टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, आणि अशा स्त्रियांचा आजार लवकर परततो व त्या कमी जगतात. (पुढच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास आढळले.) त्या काळी या प्रथिनाविरुद्ध कोणतेही औषध नव्हते. म्हणजे थ्री प्लस हा शेरा केवळ वाईट बातमी होता. डॉक्टरला त्याचे काहीच करता येत नव्हते. मात्र ज्या प्रथिनाची आवरणावर एवढी दाटी होते, त्यालाच धरून पेशीला अडवता येईल, हा विचार त्याच अभ्यासातून पुढे गेला आणि १९९८ साली ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यातील हर-टू पॉझिटिव्ह स्तनकर्करोगाच्या चार हजारांहून अधिक स्त्रियांचा दहा वर्षांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. केवळ केमोथेरपी घेतलेल्यांपैकी ७५.२ टक्के स्त्रिया दहा वर्षांनी हयात होत्या. केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅबची जोड मिळालेल्यांपैकी ८४ टक्के.

हा आकडा भावाला वाचायला द्या. प्रथिन तेच, काचेवरचा तपकिरी रंग तोच, फक्त औषध आले आणि त्या रंगाचा अर्थ पालटला. प्रथिनाच्या प्रमाणावरून रुग्णाच्या आयुष्याविषयी दोन प्रकारची माहिती मिळते आणि त्या दोहोंची गल्लत सर्वांत जास्त होते. एक माहिती अशी की, काहीच वेगळे केले नाही तर आजाराची चाल कशी राहील. दुसरी अशी की, कोणते औषध या गाठीवर चालेल. हर-टूच्या बाबतीत पहिली माहिती चिंतेची आहे आणि दुसरी आशेची, आणि उपचार घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दुसरीचे वजन कितीतरी जास्त असते.

‘किती दिवस’ याचे उत्तर तुम्ही लिहिलेल्या तीन ओळींतून कोणालाही देता येणार नाही. गाठ किती सेंटिमीटरची होती, काखेतील किती लसिकाग्रंथींत आजार पोहोचला होता, शरीरात इतरत्र काही आहे का, हे त्याच रिपोर्टच्या वरच्या भागात आणि स्कॅनमध्ये लिहिलेले असते आणि आयुष्याचा अंदाज प्रथम त्यावर ठरतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: ट्रास्टुझुमॅब केव्हा सुरू होणार? ते साधारणपणे वर्षभर, दर तीन आठवड्यांनी देतात. ते हृदयाच्या स्नायूंवर ताण आणू शकते, म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि मधून मधून टू-डी इको करावा लागतो. त्याची तारीख कोणी लक्षात ठेवायची, हे घरात आजच ठरवून टाका. भारतीय कंपन्यांनी तयार केलेले ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून बाजारात आहे. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातील मेडिकल सोशल वर्करांना आधी भेटा, औषधाच्या दुकानात नंतर जा.

आणि आईला सांगा. वर्षभर दर तीन आठवड्यांनी ज्या बाईला सलाईनच्या खुर्चीत बसायचे आहे, तिच्यापासून हे लपवता येत नाही. लपवायचा प्रयत्न केलात तर मुलगा आपल्यासमोर का बसत नाही याचे कारण ती स्वतःच शोधेल आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असेल.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या उपचारासाठी आम्ही दादरच्या धर्मशाळेत राहत आहोत. रिपोर्टमध्ये ‘प्रोटीन ओव्हरएक्स्प्रेशन’ असे लिहिले आहे. शेजारच्या खोलीतल्या एका काकांनी सांगितले की, अंगात प्रोटीन वाढले आहे म्हणून डाळ, अंडी आणि दूध बंद करा. तीन आठवडे वडील फक्त भात आणि पातळ भाजी खात आहेत. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मूळ गाव जळगाव जिल्हा

उत्तर : नाही. आजच्या जेवणापासून डाळ, अंडी, दूध पुन्हा सुरू करा. मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजारामुळे डॉक्टरांनी स्वतः मनाई केली असेल तेवढाच अपवाद.

रिपोर्टमधील ‘प्रोटीन’ म्हणजे गाठीच्या पेशीने स्वतः तयार केलेले एक विशिष्ट प्रथिन. आपण खाल्लेली डाळ पोटात पचून तिचे बारीक घटक होतात आणि त्यांतून शरीर आपली हजारो प्रथिने तयार करते. त्यांतले कोणते किती तयार करायचे हे पेशीची जनुके ठरवतात. डाळ बंद केल्याने गाठीतील ते प्रथिन कमी होत नाही, मात्र वडिलांचे स्नायू झिजतात, वजन उतरते, केमोथेरपीचा डोस सोसत नाही आणि तो पुढे ढकलावा लागतो. शेजारच्या काकांनी आपुलकीनेच सांगितले असणार, पण असे घडू शकते याची कल्पना रिपोर्ट लिहिणाऱ्या आम्हा लोकांनीच ठेवायला हवी होती. तीन आठवड्यांत वजन किती घटले ते ओपीडीत सांगा आणि रुग्णालयातील आहारतज्ज्ञांची चिठ्ठी मागून घ्या.

प्रश्न : माझे यजमान ४९ वर्षांचे आहेत. वीस वर्षे तंबाखू-चुन्याची सवय होती. गालाच्या आतील बाजूस कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन झाले. आम्ही आग्रहाने पी-१६ ची तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली. पी-१६ पॉझिटिव्ह असलेले रुग्ण जास्त जगतात असे माझ्या नणंदेच्या मुलाने सांगितले. मग यांचे कसे होणार?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या भाच्याने सांगितलेली गोष्ट घशाच्या कॅन्सरची आहे, गालाच्या नव्हे. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या घशाच्या भागात होणाऱ्या काही कर्करोगांचे कारण एचपीव्ही हा विषाणू असतो. हा विषाणू पेशीच्या विभाजनावरचा एक लगाम तोडतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पेशीत पी-१६ हे प्रथिन साचते. म्हणून ७० टक्के किंवा त्याहून जास्त पेशींत ते गडद दिसले की विषाणूची खूण पटली असे मानतात. अशा गाठी रेडिएशनला चांगला प्रतिसाद देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात घशाच्या या भागातील विषाणूजन्य कर्करोगाचे ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर विषाणू नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. फरक इतका ठळक आहे की घशाच्या कर्करोगाचे टप्पे ठरवण्याचे कोष्टकच आता पी-१६ पाहून वेगवेगळे करतात.

गालाचा, हिरडीचा, जिभेच्या पुढच्या भागाचा कर्करोग आपल्याकडे तंबाखूने होतो. तिथे पी-१६ निगेटिव्ह येणे हीच नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यावरून यजमानांच्या आयुष्याविषयी चांगले किंवा वाईट असे काहीच काढता येत नाही. ही तपासणी करायची गरज नव्हती, आणि ती तुमच्या आग्रहाखातर करून देणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे.

यजमानांसाठी महत्त्वाच्या चार गोष्टी ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये कोणत्याही महागड्या रंगाशिवाय लिहिलेल्या आहेत: गाठ किती मिलिमीटर खोल गेली होती, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, मानेतील किती ग्रंथींत आजार सापडला, आणि ग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर पडला होता का. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर मानला गेला. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात मानेतील ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठी दिसल्या तर पुढे काढू, असे ठरवलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वेळेवर आणि नेटके केलेले मानेचे ऑपरेशन गालाच्या रुग्णाला जितके आयुष्य देते, तितके देणारे एकही प्रथिन आज माझ्या माहितीत नाही. तंबाखूची पुडी पुन्हा घरात येणार नाही एवढे पाहा, आणि रेडिएशनचा सल्ला मिळाला असेल तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे म्हणून पाठपुरावा करा.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या स्तनातील गाठीचा केआय-६७ एका लॅबने १४ टक्के आणि दुसऱ्या लॅबने २८ टक्के सांगितला. कोणती लॅब खोटी? पैसे दोन्हींनी सारखेच घेतले.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : बहुधा कोणतीच नाही. केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीच्याच केंद्रकात दिसते, स्वस्थ बसलेल्या पेशीत दिसत नाही. म्हणून शंभरांपैकी किती केंद्रके तपकिरी झाली यावरून गाठ किती वेगाने वाढते आहे याचा अंदाज घेतात. (त्याच्या प्रतिपिंडाचा शोध १९८३ साली जर्मनीतील कील शहरात लागला आणि तबकडीच्या ६७व्या खळग्यात तो सापडला म्हणून हे नाव पडले.) अडचण मोजणीत आहे. गाठीच्या कडेला वाढ जोरात असते, मध्ये मंद असते. एक डॉक्टर सर्वांत दाट भाग मोजतो, दुसरा सगळीकडची सरासरी काढतो. सुईने काढलेल्या तुकड्यात गाठीचा एकच कोपरा आलेला असतो. मीच एक काच सोमवारी आणि पुन्हा शुक्रवारी मोजली तर आकडा तंतोतंत तोच येईल असे मी सांगणार नाही. त्यामुळेच या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ साली असे म्हटले की, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या, हर-टू नसलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातील गाठींत ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त हेच आकडे भरवशाचे मानावेत. मधल्या आकड्यांवर एकट्याने निर्णय घेऊ नये. तुमच्या दोन्ही लॅबचे आकडे त्या मधल्या पट्ट्यातच आहेत.

पण तुमच्या पत्रातील दुसरे एक वाक्य वाचून मी थांबले. तुम्ही लिहिता की, शनिवारी दुपारी नर्सिंग होममध्ये गाठ काढली, ती सलाईन भरलेल्या बरणीत तुमच्या हाती दिली, रविवारी ती घरी होती आणि सोमवारी सकाळी तुम्ही ती पिशवीत घालून लोकलने लॅबमध्ये नेलीत. केआय-६७ च्या वादापेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे. शरीरातून बाहेर पडलेली गाठ सलाईनमध्ये टिकत नाही; तिची प्रथिने तासागणिक विरघळत, बिघडत जातात. ती तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये जायला हवी, फॉर्मलिन गाठीच्या सुमारे दसपट हवे, गाठ मोठी असेल तर आतपर्यंत फॉर्मलिन शिरावे म्हणून तिला काप द्यायला हवेत, आणि फॉर्मलिनमध्ये ती किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. हे पाळले नाही तर खरोखर ईआर पॉझिटिव्ह असलेली गाठ निगेटिव्ह दिसू शकते, आणि मग त्या बाईला किमान पाच वर्षे मिळायला हवी असलेली संप्रेरकविरोधी गोळी कोणी लिहूनच देत नाही.

म्हणून पत्नीच्या रिपोर्टमध्ये ईआर निगेटिव्ह असेल, तर लॅबच्या डॉक्टरांना एक प्रश्न नम्रपणे विचारा: त्याच काचेवरच्या निरोगी दुग्धनलिकांना रंग आला होता का? निरोगी नलिकांच्या काही पेशींत ईआर नेहमी असतो. तिथेही रंग आला नसेल, तर रंगकामच फसले आहे आणि त्या ‘निगेटिव्ह’वर विश्वास ठेवता येत नाही. ऑपरेशनपूर्वी सुईने काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवला गेला असेल, तर त्याच्या ब्लॉकवर ईआर, पीआर आणि हर-टू पुन्हा करून घ्या. ईआर एक टक्का पेशींत जरी दिसला तरी त्याला पॉझिटिव्ह म्हणतात आणि गोळीचा विचार सुरू होतो. त्या एका टक्क्यासाठी ही खटपट आहे.

प्रश्न : मी माटुंग्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी वाचताना ‘या प्रथिनाचे प्रमाण जास्त असेल तर रुग्ण कमी जगतात’ असे सांगणारे शेकडो शोधनिबंध सापडले. मग रुग्णालयांत फक्त आठ-दहा प्रथिनेच का तपासतात?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण तो संशोधन करणाऱ्यांनीच स्वतःला पुरेसा विचारलेला नाही.

अशा निबंधात बहुधा एक आलेख असतो: आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर हयात रुग्णांचे प्रमाण, आणि जिन्यासारख्या उतरणाऱ्या दोन रेघा. कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ साली ही पद्धत मांडली. जे रुग्ण अभ्यास संपेपर्यंत हयात आहेत किंवा मध्येच गावी निघून गेले, त्यांचीही माहिती तिच्यात वाया जात नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र या दोन रेघा कोणत्या दोन गटांच्या, हे संशोधक ठरवतो. समजा, तुझ्याकडे साठ रुग्ण आहेत आणि प्रत्येकाच्या गाठीत प्रथिनाचे प्रमाण ० ते १०० च्या दरम्यान मोजलेले आहे. ‘जास्त’ म्हणजे १० च्या वर धरलेस, रेघा एकमेकींना चिकटून राहिल्या. २० धरलेस, तरी तेच. ३५ धरलेस आणि एकदम रेघा फाकल्या. निबंधात ३५ छापले जाते आणि आधीचे प्रयत्न वहीत राहतात. ही लबाडी असतेच असे नाही, उत्साहाच्या भरात प्रामाणिक माणसाकडूनही ती होते. पण दुसऱ्या शहरातील दुसऱ्या साठ रुग्णांवर तो ३५ चा आकडा उभा राहत नाही.

दुसरे गणित आणखी सोपे आहे. माणसात सुमारे २०,००० जनुके प्रथिनांच्या कृती सांभाळतात. त्या सर्वांची आयुष्याशी सांगड घालून पाहिली आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली (म्हणजे संबंध नसतानाही शंभरात पाच वेळा चुकून ‘आहे’ म्हणणे चालवून घेतले), तर कशाचाही कशाशी संबंध नसतानाही एक हजार नावे केवळ योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतील. स्वीडनमधील ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलासच्या गटाने २०१७ साली १७ प्रकारच्या कर्करोगांतील सुमारे ८,००० रुग्णांची माहिती अशी मांडली आणि ती सर्वांना खुली केली; तुझ्या प्रकल्पासाठी ती खाण आहे. पण लक्षात ठेव, त्यातील आयुष्याशी जोडलेले आकडे प्रामुख्याने आरएनएचे, म्हणजे जनुकाचा निरोप प्रथिन तयार करणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणाऱ्या रेणूचे, आहेत. पेशीत आरएनए भरपूर असले म्हणून तितकेच प्रथिन असते असे नाही. प्रथिन किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने मोडले जाते यावर ते ठरते. पेशीच्या विभाजनावर लगाम ठेवणारे पी-५३ हे प्रथिन याचे बोलके उदाहरण आहे. बिघडलेले पी-५३ मोडले जात नाही म्हणून केंद्रकात साचते आणि काच गडद दिसते. पण बिघाड दुसऱ्या प्रकारचा असेल तर प्रथिन तयारच होत नाही आणि काच कोरी राहते. ‘जास्त’ आणि ‘शून्य’ या दोन्हींचा अर्थ बिघाड असताना, ज्यांनी फक्त ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोनच गट केले त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, यात आश्चर्य नाही.

शेवटची गाळणी सर्वांत कठोर आहे. गाठीचा आकार, ग्रंथी, टप्पा, वय हे सर्व हिशेबात धरल्यानंतरही त्या प्रथिनाने काही नवे सांगितले पाहिजे, आणि त्या माहितीमुळे उपचारात काही बदलले पाहिजे. २००५ साली अशा निबंधांसाठी ‘रिमार्क’ नावाची नियमावली प्रसिद्ध झाली; रुग्ण कसे निवडले, ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांतली सीमा आधी ठरवली होती की नंतर, हे सर्व लिहावे असे ती सांगते. ती शोधून काढ आणि तुझ्या हातातील कोणतेही पाच निबंध तिच्यासमोर धर. प्रकल्प तिथेच तयार होईल.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिराला ४३व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. रिपोर्टमध्ये ‘एमएसएच-२ आणि एमएसएच-६ लॉस’ असे आहे. म्हणजे प्रथिने नाहीत. हे वाईट का? — आणि मानेच्या कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्या माझ्या वडिलांना ‘मीडियन दहा महिने’ असे सांगितले. दहा महिन्यांनी काय होणार?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : एकाच घरावर दोन संकटे आली आहेत, दोन्हींचे उत्तर देते.

दिरांच्या रिपोर्टमधील दोन प्रथिने डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करतात. ती नसल्यामुळे गाठीत चुका साचत जातात, आणि त्यामुळेच शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती गाठ परकी म्हणून ओळखू येते. दुसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगात अशा गाठींचे भवितव्य इतरांपेक्षा चांगले असते, आणि आजार पसरलेला असेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीविरुद्ध लढायला लावणारा उपचार, त्यांच्यावर विशेष चालते. मात्र ही दोन प्रथिने एकत्र नसणे हे बहुधा लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचे लक्षण असते. दिरांची रक्तावरील जनुकीय तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली, तर त्यांच्या भावंडांना, म्हणजे तुमच्या यजमानांनाही, आणि मुलांना तीच तपासणी लागेल, आणि ज्यांच्यात दोष सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी तरुण वयापासून ठराविक अंतराने व्हायला हवी. या एका ओळीने तुमच्या घरातील आणखी एखाद्याचा जीव वाचू शकतो, म्हणून तो रिपोर्ट फाईलमध्ये खाली दडपून ठेवू नका.

आता वडिलांविषयी. मीडियन म्हणजे रांगेतला मधला माणूस. शंभर रुग्ण घेतले तर दहा महिन्यांपर्यंत निम्मे गेले आणि निम्मे हयात होते, एवढाच त्याचा अर्थ. दहाव्या महिन्यात कोणाचेही काही ठरलेले नसते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या पुढच्या टप्प्यातील १५१ रुग्णांवर एक अभ्यास केला. एका गटाला तोंडाने घ्यायची कमी मात्रेची औषधे दिली, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. प्रचलित मात्रा २४० मिलिग्रॅमची आहे. मीडियन ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. ऐकायला हे साडेतीन महिनेही नाहीत. पण त्याच अभ्यासात एक वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के. मधल्या माणसाकडे पाहिले तर लाभ लहान वाटतो, रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले तर तो मोठा दिसतो, कारण इम्युनोथेरपी ज्यांना लागू पडते त्यांना ती दीर्घकाळ लागू पडते.

वडील त्या रांगेत कुठे आहेत हे आज पीडी-एल-वन या, प्रतिकारशक्तीला थोपवणाऱ्या प्रथिनाच्या आकड्यावरूनही नेमके सांगता येत नाही. ते प्रथिन जास्त असेल तर औषध लागू पडण्याची शक्यता वाढते, पण जास्त असून न लागलेले आणि कमी असून लागलेले असे दोन्ही रुग्ण असतात. ते सांगेल पहिला स्कॅन, जो बहुधा दोन-तीन महिन्यांनी होतो. तोवर त्यांचे वजन दर आठवड्याला लिहून ठेवा, गिळताना त्रास वाढला तर नळीने आहार देण्याविषयी लगेच विचारा, आणि नवा खोकला, सतत जुलाब किंवा अंगभर पुरळ आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात फोन करा.